राहात्याच्या विहिरीत ट्रायलोबाइट? माझी चूक आणि शेंदेलोणाचं वय

(या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले चहाचे ब्रेक आणि मध्येच आलेला ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकला आहे.)

आजचा भाग खरं तर दुसऱ्या विषयावर होता. तो बाजूला ठेवला, कारण मागच्या भागात मी एक वाक्य बोलून गेलो आणि ते एका मुलाला महागात पडता पडता राहिलं. वाक्य असं होतं: "आपल्या राहात्यातसुद्धा पुरेसं खोल खणलं ना, तर ट्रायलोबाइट सापडतील." माईकसमोर माणूस जोशात येतो तसा मी आलो होतो. चूक आहे ती. साफ चूक.

काय झालं ते सांगतो. राहाता तालुक्यातल्याच एका श्रोत्याकडे नवीन विहिरीचं काम चालू आहे. बारावीत आहे तो, नाव सांगू नका म्हणालाय. त्यानं मला फोटो पाठवला आणि खाली व्हॉइस नोट: "दादा, तुम्ही म्हणालात म्हणून मी चाळीस फुटांवरचा ढिगारा दोन दिवस उपसला. हा बघा किडा." फोटोत काळा दगड, त्यात अंड्याच्या आकाराचा एक पांढरा ठिपका आणि त्या ठिपक्यात फासळ्यांसारख्या रेषा. पहिल्या नजरेत मलाही क्षणभर "अरे!" झालं. पुढचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. त्यानं तोच फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता आणि तिथं कुणीतरी सांगितलं होतं की याचे लाख रुपये येतील, आधी तपासणी फी म्हणून ३,००० पाठव. पैसे पाठवायचे बाकी होते. मी त्याला म्हटलं, थांब, मी येतो.

गेलो. काकूंनी आधी पेरू कापून पुढे ठेवले (राहात्याला येऊन पेरू नाही खाल्ला तर आल्यासारखं वाटतच नाही), मग विहिरीवर नेलं. वरून काळी माती, मग मुरूम, मग विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा मऊ दगड, आणि खाली काळा पाषाण. आपल्याकडच्या विहिरींमध्ये साधारण हेच दिसतं. कुठे कुठे मध्ये गेरूसारखा लाल पट्टाही लागतो.

आता हा सगळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. बेसॉल्ट. हजार-अकराशे अंश सेल्सिअसचा रस जमिनीच्या भेगांमधून आला, पसरला, थिजला, मग त्याच्यावर पुढचा थर. मांजऱ्यातली भोकं म्हणजे त्या रसातले वायूचे बुडबुडे. नंतर लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या भोकांमध्ये पांढरी खनिजं साचली, झिओलाइट नावाची. ती बऱ्याचदा सुयांच्या जुडग्यासारखी किंवा पंख्यासारखी वाढतात. आपल्या मित्राच्या "किड्याच्या" फासळ्या म्हणजे त्याच सुया. फोनचा कॅमेरा झूम करून दोघांनी बघितलं. सगळ्या रेषा एका कोपऱ्यातून फुटून बाहेर पसरत होत्या. किड्याच्या फासळ्या अशा एका बिंदूतून निघत नाहीत.

पण समजा आकार हुबेहूब जुळला असता, तरी मी नाहीच म्हटलं असतं. एक तर लाव्हात किडा टिकत नाही. आणि दुसरं कारण वयाचं. दख्खनचा हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाइट्सचा शेवटचा वंश सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच संपला. म्हणजे आपला दगड तयार होत होता तेव्हा ट्रायलोबाइट जाऊन १८ कोटींहून जास्त वर्षं झाली होती.

त्यावर तो पटकन म्हणाला, "मग लाव्ह्याच्या खाली असतील ना? तुम्ही खोल खणलं तर म्हणाला होता." मुलगा हुशार आहे. प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही, कारण महाराष्ट्रात खरंच कुणीतरी तेवढं खोल खणलंय. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या आईवडिलांना आठवत असेल. त्यानंतर तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटरवर लाव्हा संपला, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळाचा दगड, आणि मग थेट ग्रॅनाइटसारखा जुनाट पाया. कोयना परिसरात भूकंप समजून घेण्यासाठी दीड किलोमीटरचं बोअर घेतलं. तिथं लाव्हा सुमारे ९३० मीटर, आणि त्याच्या खाली मध्ये गाळाचा थरही नाही, सरळ तोच पाया. हा पाया अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहूनही जुना.

म्हणजे बघा, वरचं पान ६.६ कोटींचं आणि खालचं अडीचशे कोटींचं. ट्रायलोबाइट्सचा काळ या दोन पानांच्या मधला, आणि तीच पानं या दोन्ही ठिकाणी वहीत नाहीत. एकतर तिथं तेव्हा समुद्राचा गाळ साचलाच नाही, किंवा साचला आणि नंतर झिजून गेला. राहात्याखाली बोअर घेतलेलं नाही, पण माझ्या त्या वाक्याला कुठलाच आधार नव्हता.

बरं, आता मूळ मुद्दा. मागच्या भागात मी घाईघाईत "ट्रायलोबाइटवरून दगडाचं वय कळतं" असं म्हणून पुढे गेलो. त्या मुलानं विहिरीच्या काठावर उभं राहून विचारलं, "पण कसं? त्याच्यावर तारीख असते का?" हाच प्रश्न मी वगळला होता.

तारीख नसते. दोन हजारची गुलाबी नोट आठवते ना? नोव्हेंबर २०१६ मध्ये आली आणि मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चलनातून मागे घ्यायला सुरुवात केली. समजा कुठल्या तरी कचऱ्याच्या ढिगात थरावर थर साचलेत, आणि एका थरात फाटकी गुलाबी नोट आहे, साल छापलेला भाग गेलेला. तरीही तो थर २०१६ च्या आधीचा नाही हे तुम्ही डोळे झाकून सांगाल. नागपूरच्या ढिगात गुलाबी नोटा पहिल्यांदा ज्या थरात दिसतात आणि राहात्याच्या ढिगात ज्या थरात दिसतात, ते दोन थर जवळपास एकाच वेळचे. दोन्ही ढिगांमधला बाकीचा कचरा कितीही वेगळा असू दे. उलट एक रुपयाचं नाणं घ्या. पिढ्यान्‌पिढ्या चालतंय, ते सापडून काहीच कळत नाही.

थरांची वेळ जुळवायला उपयोगी पडणारा जीव हा त्या गुलाबी नोटेसारखा हवा. लांबवर पसरलेला, भरपूर सापडणारा, लगेच ओळखू येणारा आणि थोडाच काळ चाललेला. कॅम्ब्रियन काळातल्या दगडांसाठी ट्रायलोबाइट यात फिट बसतात. हा काळ साधारण ५४ कोटी ते ४८.५ कोटी वर्षांपूर्वीचा. नाव ब्रिटनच्या वेल्स प्रांताच्या जुन्या लॅटिन नावावरून, ॲडम सेजविक यांनी १८३५ मध्ये दिलेलं. या काळाच्या सुरुवातीच्या जवळजवळ पावणेदोन कोटी वर्षांत ट्रायलोबाइट नाहीतच, तिथं दुसऱ्या खुणा वापराव्या लागतात. पण साधारण ५२.१ कोटींपासून पुढे ते इतके आणि इतक्या तऱ्हेचे आहेत की विचारू नका. आजवर वीस हजारांहून जास्त जाती नोंदवल्या गेल्यात.

दिसतात कसे? खेकडा, विंचू, गोम यांचे हे लांबचे भाऊबंद. नावातले तीन खंड म्हणजे डोकं, धड, शेपूट नव्हे, हा घोळ मीही बरीच वर्षं केला. लांबीच्या दिशेनं बघायचं: मध्ये उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक पाख. काही जाती पैसा किड्यासारख्या अंगाची गुंडाळी करायच्या. आणि महत्त्वाचं म्हणजे कवच टणक होतं आणि वाढताना ते जुनं कवच टाकून द्यायचे, साप कात टाकतो तसं. एका जिवाची आयुष्यभरात कितीतरी कवचं समुद्राच्या गाळात पडायची. म्हणून सापडतात भरपूर.

डोक्याचा आकार, डोळे कुठे, काटे किती, शेपटीची ढाल केवढी, हे सगळं जातीगणिक बदलतं. एखादी जात थोडाच काळ टिकते, मग दुसरी येते. म्हणून डोंगराच्या कड्यावर खालपासून वर मोजपट्टी लावत जायचं, दर थरातले तुकडे गोळा करायचे आणि लिहायचं: ही जात इथं पहिल्यांदा दिसली, ही इथं शेवटची. दुसऱ्या देशात तोच क्रम सापडला की दोन्ही कडे जुळवायचे. दगड इथं चुन्याचा आणि तिथं चिखलाचा असला तरी चालतं.

यात एक गोची आहे. सगळे ट्रायलोबाइट गुलाबी नोट नव्हते. बरेचसे उथळ समुद्राच्या तळावर राहणारे होते आणि खोल समुद्र ओलांडून जात नसत. ते आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या सभासद कार्डासारखे, त्या कारखान्यापुरतेच चालणारे. उदाहरणार्थ कॅम्ब्रियनच्या एका टप्प्यात उत्तर अमेरिका आणि स्कॉटलंडमध्ये ओलेनेलस नावाचा ट्रायलोबाइट सापडतो, तर चीन, ऑस्ट्रेलिया, हिमालय या बाजूला रेडलिकिया. दोघं सहसा एकत्र भेटत नाहीत. मग त्यांची सांगड घालायला मधले दुवे शोधत बसावं लागतं. याउलट अॅग्नॉस्टिड नावाचे काही मिलिमीटरचे बारके जीव, धडाला फक्त दोन वळ्या असलेले, जगभर पसरलेले सापडतात. जगाच्या कालपट्टीवर कॅम्ब्रियनच्या उत्तरार्धातल्या अनेक सीमारेषा या बारक्यांवरच ठरवल्यात.

आता भारताकडे येऊ. हा भाग मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो. हिमाचलमध्ये स्पितीत पाराहिओ नावाची दरी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एच. एच. हेडन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले थर तपासले, १९०४ मध्ये त्यांचा स्पितीवरचा अहवाल आला. तिथल्या ट्रायलोबाइट्सचा अभ्यास एफ. आर. काउपर रीड यांनी करून १९१० मध्ये छापला. त्यातल्या एका जातीला त्यांनी नाव दिलं इंडिकस, म्हणजे भारतातला. आज तिचं पूर्ण नाव ओरिक्टोसेफॅलस इंडिकस.

बरीच वर्षं हे नाव तज्ज्ञांच्या कागदांत राहिलं. मग हीच जात दक्षिण चीनमध्ये आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातही नोंदवली गेली. २००९ मध्ये पेंग शांची, नायजेल ह्यूज, देहरादूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटचे एस. के. परचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाराहिओ आणि झंस्कारचे ट्रायलोबाइट नव्यानं मांडले, कुठल्या थरातून काय आलं याच्या नीट मोजमापासकट. आणि २०१८ मध्ये कॅम्ब्रियनच्या मधल्या भागाची सुरुवात जगभरासाठी अधिकृत ठरली: चीनच्या ग्वेजो प्रांतातल्या एका कड्यात ओरिक्टोसेफॅलस इंडिकस जिथं पहिल्यांदा दिसतो, ती रेष. त्या टप्प्याचं नाव वुलियुअन. म्हणजे रेष चीनमधली आणि तिचा पहारेकरी ज्याच्या नावातच भारत आहे असा किडा. स्पिती, चीन, अमेरिका, कुठेही तो पहिल्यांदा दिसला की आपण साधारण त्या रेषेपाशी आहोत असं धरतात.

साधारण म्हणतोय, कारण एखाद्या ठिकाणी तो उशिरा पोचलेला असू शकतो, किंवा आधीच्या थरात होता पण कुणाच्या हातोडीखाली आला नाही. म्हणून एकाच जातीवर कुणी पैज लावत नाही. सोबतचे इतर जीव, दगडातल्या रासायनिक खुणा, सगळं बघतात.

मग "इतके कोटी वर्षं" हा आकडा येतो कुठून? तो ट्रायलोबाइट देतच नाही. त्या थरांमध्ये कुठेतरी ज्वालामुखीची राख सापडावी लागते. राखेत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात, त्यातल्या युरेनियमचं ठरलेल्या वेगानं शिसं होत जातं. किती शिसं झालं त्यावरून वय. राख मोजक्याच ठिकाणी मिळते, ट्रायलोबाइट खूप ठिकाणी. राखेनं एका कड्याचा आकडा दिला की ट्रायलोबाइट तो आकडा जिथं राख नाही अशा शेकडो कड्यांपर्यंत पोचवतात. वुलियुअनच्या सुरुवातीचा आकडा बरीच वर्षं सुमारे ५०.९ कोटी असा छापला जायचा, आता नव्या मोजणीनंतर तो ५०.६५ कोटींच्या आसपास आलाय. आकडा पंचवीस लाख वर्षांनी हलला. कोण आधी, कोण नंतर, हा क्रम होता तिथंच आहे.

हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात कुठं येतं? उपवासाच्या डब्यात. शेंदेलोण, सैंधव, किंवा हल्ली ज्याला हिमालयन पिंक सॉल्ट म्हणून चौपट भावानं विकतात ते. गुलाबी सैंधव मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवडा खाणीतून येतं, मिठाच्या डोंगररांगेतून. पाकिटांवर आणि इंटरनेटवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं, "२५ कोटी वर्षं जुनं मीठ". त्या मिठाच्या वर जे दगडांचे थर आहेत त्यांत रेडलिकिया जातीचे ट्रायलोबाइट आहेत, ५० कोटींच्या पलीकडचे. खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. मग मीठ २५ कोटींचं कसं?

पण हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. बिरबल साहनी, ज्यांच्या नावाची संस्था लखनौला आहे, आपल्या देशाचे सर्वांत मोठे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांना त्या मिठात आणि आजूबाजूच्या दगडांत लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि किड्यांचे अवशेष मिळाले. अशा झाडांचा ट्रायलोबाइट्सच्या काळी पत्ताच नव्हता. साहनींचं म्हणणं, मीठ इओसीन काळातलं, म्हणजे पाचेक कोटी वर्षांचं, आणि ट्रायलोबाइटवाले जुने थर जमिनीच्या रेट्यानं त्याच्यावर चढलेत. डोंगराळ भागात असं होतं खरंच, त्यामुळे मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९४४-४५ मध्ये या एका प्रश्नावर खास परिषदा भरल्या. उलट बाजूला प्रत्यक्ष ती रांग पायाखाली घालून नकाशा करणारे ई. आर. गी यांच्यासारखे लोक होते. ते म्हणत, थर जागच्या जागी आहेत.

शेवटी थर जिंकले. पुढच्या नकाशांनी आणि बोअरांनी मीठ कॅम्ब्रियन थरांच्या खाली आपल्या मूळ जागीच असल्याचं दाखवलं, आणि ते लाकडाचे कण नंतर पाण्याबरोबर शिरलेले असावेत असं आता मानतात. मीठ विरघळतं आणि पुन्हा गोठतं, त्यात नंतरचं काहीही अडकू शकतं. आज त्या मिठाचं वय कॅम्ब्रियनच्या उंबरठ्यावरचं, ५४ कोटींच्या आसपासचं धरतात. साहनी चुकले म्हणून लहान होत नाहीत, उलट त्यांच्या प्रश्नामुळेच सगळ्यांना थर पुन्हा तपासावे लागले. पाकिटवाल्यांना मात्र असं कुणी काही विचारत नाही.

हे सगळं ऐकून विहिरीवरचा आमचा मित्र जरा हिरमुसला. "म्हणजे आपल्याकडे काहीच नाही?" आहे की. दोन लाव्ह्यांच्या मध्ये जेव्हा शांतता असायची, तेव्हा तळी साचायची, त्यात जीव राहायचे आणि पुढच्या लाव्ह्याखाली ते गाळासकट झाकले जायचे. नागपूरजवळ टाकळीला असे थर आहेत. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते, आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात त्यांचं वर्णन छापलं. त्यातली फायसा प्रिन्सेपी नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय मध्य भारतात दूरदूरच्या अशा थरांमध्ये सापडते आणि ते थर एकमेकांशी जुळवायला वापरली गेली. आपली गुलाबी नोट म्हणा ना. गंमत म्हणजे साहनींनी १९३४ मध्ये दख्खनच्या वयावरही लिहिलं होतं, ताडासारख्या झाडांच्या जीवाश्मांवरून, आणि तिथंही त्यांचा कौल इओसीनकडेच होता. नंतर डायनोसॉरचे अवशेष आणि किरणोत्सर्गी मोजणी यांनी तो ६.६ कोटींच्या आसपास नेला.

तेव्हा विहिरीत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये चिकणमातीसारखा किंवा चुनखडीसारखा पातळ पट्टा लागला तर तो नुसता ढिगाऱ्यात टाकू नका. फोटो काढा, शेजारी मोजायला पेन ठेवा, किती फुटांवर लागला ते लिहा. फूट लिहिलेले नसतील तर तुकडा शोभेला उरतो. आणि फी कुणालाही पाठवू नका. वाटलं तर जवळच्या कॉलेजच्या भूगोल किंवा भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवा.

३,००० वाचले. तो पांढऱ्या सुयांचा दगड त्यानं टीव्हीशेजारी ठेवलाय, आणि खरं सांगू का, दिसतो फार सुंदर. मागच्या भागाच्या लिखित रूपात मी ते वाक्य खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे. ऑडिओ बदललेला नाही, तिथं मी अजूनही चुकीचंच बोलतोय.